खो-खोच्या सरावासाठी पुसता येणारा चुंबकीय फळा: आखणी आणि बांधणी

खो-खो शिकवताना सर्वांत अवघड काम असते ते पळतीचा मार्ग तोंडी समजावून सांगण्याचे. एकेरी साखळीत बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी कसे जायचे, दुहेरी साखळीत दोन-दोन गडी कसे ओलांडायचे, पाठलाग करणारा खांबाकडे निघाला की पळणाऱ्याने नेमक्या कोणत्या चौकापाशी (मधली आणि आडवी पट्टी छेदतात त्या, गडी बसण्याच्या जागेपाशी) वळायचे, हे शब्दांत सांगता सांगता पाच-सात मिनिटे निघून जातात आणि तोवर खेळाडूंचे तापलेले अंग गार पडते. माझी पुतणी वडोदऱ्यात संध्याकाळी मुलींचा सराव घेते. ती पूर्वी काठीने मातीत रेघा ओढून आणि खडे मांडून हेच शिकवत असे. पद्धत उत्तम होती, परंतु वर्तुळ करून उभ्या राहिलेल्या चौदा मुलींपैकी पुढच्या चौघींनाच ते चित्र दिसायचे. त्या खड्यांची आणि रेघांची मांडणी जमिनीवरून उचलून उभ्या पृष्ठभागावर कशी न्यायची, हा प्रश्न तिने माझ्यापुढे ठेवला. मी आयुष्यभर कारखान्यात नकाशे आखण्याचे काम केले असल्यामुळे मला तो सोपा वाटला, आणि तिथेच माझे चुकले. मी एकूण तीन फळे बनवले. त्यांपैकी पहिले दोन फसले, तिसरा गेले वर्षभर मैदानावर नीट चालतो आहे. पुढील सूचना त्या तिसऱ्या फळ्याच्या आहेत. पहिल्या दोघांचा उल्लेख जिथे त्यांच्यापासून काही शिकता येते तिथेच केला आहे.

आरंभी एक शब्द स्पष्ट करतो. खो-खोच्या मैदानावरील आखलेल्या पट्ट्यांनाच ‘पाट्या’ म्हणतात. दोन खांबांना जोडणारी मधली पाटी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. त्यामुळे ज्यावर लिहायचे त्या वस्तूला या लेखात मी कुठेही पाटी म्हटलेले नाही, ‘फळा’ म्हटले आहे. त्याचप्रमाणे हलवायच्या चुंबकीय तुकड्यांना ‘सोंगट्या’ म्हटले आहे, आणि त्या खरोखरच सोंगट्या आहेत, हे पुढे दिसेलच.

कोणती गोष्ट किती वेळ टिकायला हवी

अशा फळ्यावर तीन प्रकारच्या गोष्टी असतात. मैदानाची आखणी कधीच बदलत नाही. खेळाडू प्रत्येक डावपेचागणिक जागा बदलतात. पळतीची रेघ मात्र मिनिटभरच जगते आणि पुसली जाते. या तिन्ही गोष्टींना एकाच साधनाने हाताळू नये, हे मला दुसरा फळा वाया गेल्यावर कळले. त्या फळ्यावर मी मैदानाच्या रेघा न पुसल्या जाणाऱ्या मार्करने आखल्या होत्या आणि त्यावरून साध्या व्हाइटबोर्ड मार्करने मार्ग काढायचे ठरवले होते. महिन्याभरात मधली पाटी जागोजागी तुटली. पुसल्या जाणाऱ्या शाईत रंगकण, लवकर उडून जाणारा अल्कोहोलसारखा द्रव आणि रंगाला पृष्ठभागावर घट्ट बसू न देणारा तेलकट घटक असतो. पक्क्या शाईत या तेलकट घटकाऐवजी रंग धरून ठेवणारी राळ असते. पक्क्या रेघेवरून व्हाइटबोर्ड मार्कर फिरला की त्यातील द्रव ती राळ विरघळवतो आणि पुसताना दोन्ही शाया एकत्र निघून येतात. घरातील फळ्यावर कोणी चुकून पक्क्या मार्करने लिहिले, तर ते काढण्यासाठी हाच गुण उपयोगी पडतो. इथे तोच नडला.

म्हणून मैदानाची आखणी पारदर्शक थराच्या खाली ठेवावी, खेळाडू चुंबकावर ठेवावेत आणि शाई फक्त सर्वांत वरच्या थराला लागू द्यावी. पुढील सर्व निर्णय या एका विभागणीतून निघतात.

माप

प्रौढ गटाचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर असते आणि प्रत्येक खांबाच्या मागे दीड मीटरचे मुक्त क्षेत्र असते. ३ फूट बाय २ फूट, म्हणजे सुमारे ९१ बाय ६१ सेंटिमीटरचा फळा स्कूटरवर दोघांत मध्ये धरून नेता येतो आणि पंधरा मुलींना सहा-सात पावलांवरून दिसतो. यापेक्षा मोठा फळा दुचाकीवर वारा भरतो. या फळ्यावर १ मीटरला ३ सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तर मैदान ८१ बाय ४८ सेंटिमीटरचे होते, खांबांमधील अंतर ७२ सेंटिमीटर आणि मुक्त क्षेत्र साडेचार सेंटिमीटर येते. आठ चौकांमुळे खांबांमधील अंतराचे नऊ भाग पडतात, म्हणजे फळ्यावर दर ८ सेंटिमीटरला एक आडवी पाटी. प्रत्यक्ष मैदानावर खांबाजवळचा भाग मधल्या भागांपेक्षा किंचित वेगळा असतो, परंतु या प्रमाणात तो फरक दोन-तीन मिलिमीटरांचा होतो आणि सोंगटीखाली झाकला जातो. लहान वयोगटांचे मैदान लहान असते, तरीही आखणी सारखीच असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा फळा करण्याची गरज नाही.

मैदान फळ्याच्या बरोबर मध्यभागी मात्र बसवू नये. डावी-उजवीकडे पाच-पाच सेंटिमीटर सोडल्यावर उभ्या दिशेने १३ सेंटिमीटर उरतात. त्यांपैकी साडेतीन वर आणि साडेनऊ खाली ठेवावेत. खालचा रुंद पट्टा म्हणजे राखीव जागा. खो-खोत पळणारे तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. त्यामुळे मैदानात तीन सोंगट्या असताना उरलेल्या सहा कुठेतरी रांगेने दिसायला हव्यात आणि कोणती तुकडी कोणत्या क्रमाने येणार, हे त्यांच्या मांडणीवरून कळायला हवे. वरच्या अरुंद पट्टीवर वेळ किंवा नावे लिहिता येतात. मी पहिल्या आराखड्यात ही राखीव जागा ठेवलीच नव्हती, आणि मग सोंगट्या कधी मुक्त क्षेत्रात, कधी पुतणीच्या खिशात असत.

पत्रा निवडताना

चुंबक धरणारा पृष्ठभाग लोखंडी पत्र्याचा हवा. जस्ताचा मुलामा असलेला, ज्याला बाजारात जीआय पत्रा म्हणतात, तो २४ गेजचा घ्यावा. त्याची जाडी सुमारे ०.६ मिलिमीटर असते. जुन्या शहरातील पत्र्याच्या दुकानांत ‘जीआय पतरूं, चोवीस गेज’ एवढे सांगितले की पुरते, आणि बहुतेक दुकानांत यंत्रावर ३ बाय २ फुटांचा सरळ तुकडा कापूनही मिळतो. कातरीने कापलेला तुकडा घेऊ नये. त्याच्या कडा लहरी होतात आणि वरचा थर तिथून सुटतो.

दुकानात जाताना खिशात एक चुंबक अवश्य न्यावे. माझा पहिला फळा स्टेनलेस स्टीलचा होता. स्वयंपाकघराच्या कामातून उरलेला चकचकीत तुकडा मला स्वस्तात मिळाला, आणि तो गंजणार नाही या आनंदात मी तो तपासण्यापूर्वीच प्लायवर चिकटवून टाकला. सोंगट्या त्यावर चिकटल्यासारख्या वाटल्या, परंतु दोन मिनिटांत गोगलगायीसारख्या खाली सरकू लागल्या. भांड्यांसाठी वापरले जाणारे ३०४ प्रतीचे स्टील चुंबकाला जवळजवळ दादच देत नाही, तर ४३० प्रतीचे चांगले धरते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. ॲल्युमिनियम तर मुळीच धरत नाही.

पत्रा पातळ असला तर चुंबक मोठे घेऊन काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते खरे नाही. पातळ पत्र्यात चुंबकीय रेषा वाहून नेण्याची क्षमता मर्यादित असते. ती भरली की उरलेल्या रेषा पत्र्याच्या पाठीमागून बाहेर पडतात. चुंबक पुढून लावून पाठीमागे टाचणी धरावी. टाचणी लगेच लटकली, तर तेवढी ताकद पाठीमागे फुकट जात आहे, असे समजावे आणि पैसे चुंबकाऐवजी पत्र्याच्या जाडीवर घालावेत. २२ गेजचा, म्हणजे याहून जाड, पत्रा अधिक चांगला धरतो, मात्र वजन वाढते, ०.६ मिलिमीटर जाडीचा हा तुकडाच सुमारे २.६ किलो भरतो.

पाठीमागे आधार म्हणून ६ मिलिमीटरचे प्लाय चालते. मैदानावर न्यायच्या फळ्यासाठी मी दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तो एसीपीचा (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनलचा) तुकडा पसंत करतो, कारण तो पाण्याने फुगत नाही आणि पाट्या बनवणाऱ्यांकडे त्याची कात्रणे पडलेली असतात. प्लाय घेतल्यास मागच्या बाजूला आणि चारही कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. एका बाजूला पत्रा आणि दुसरी बाजू उघडी, अशा प्लायला पावसाळ्यात बाक येतो. पत्रा चिकटवताना दोन्ही पृष्ठभागांना काँटॅक्ट ॲडहेसिव्ह लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. मग मध्ये चार-पाच बारीक काठ्या आडव्या ठेवून त्यांवर पत्रा टेकवावा आणि एकेका काठीला बाहेर काढत एका टोकापासून दाबत जावे. हे द्रव्य एकदा स्पर्श झाला की जागा बदलू देत नाही. नव्या पत्र्यावर तेलाचा थर असतो. तो आधी थिनरने पुसून घ्यावा आणि कडा कानशीने मारून घ्याव्यात. हातमोजे घालण्याचा कंटाळा करू नये.

मैदानाचा छाप आणि वरचा थर

मैदानाची आखणी संगणकावर करून स्टिकर व्हिनाइलवर छापून घ्यावी. छापणाऱ्याला ‘वन इज टू वन’ छापायचे, कागदात बसवण्यासाठी मोठे-लहान करायचे नाही, असे स्पष्ट सांगावे आणि छापून आल्यावर दुकानातच दोन्ही खांबांमधील अंतर पट्टीने ७२ सेंटिमीटर आहे ना, ते मोजावे. रेघा फिकट राखाडी किंवा फिकट हिरव्या ठेवाव्यात. मैदानावर चुन्याची रेघ ठळक असते म्हणून फळ्यावरही ती ठळक असावी, असा मोह होतो. परंतु इथे महत्त्वाची असते ती मार्करची रेघ, आणि तळाचा नकाशा गडद झाला की ती त्यात हरवते. खांब मात्र गडद आणि प्रमाणापेक्षा मोठे, सेंटिमीटरभर व्यासाचे दाखवावेत, कारण नजर आधी तेच शोधते.

या छापावर पारदर्शक थर कोणता घालायचा, यावर फळ्याचे आयुष्य ठरते. छापणारे दुकानदार नेहमीचे चकचकीत लॅमिनेशन देऊ करतात. पहिला आठवडाभर ते व्हाइटबोर्डासारखेच वागते, मग शाईची सावली धरू लागते. मऊ पीव्हीसीत रंग हळूहळू मुरतो. पॉलिएस्टरवर आधारलेली, लिहून पुसण्यासाठीच बनवलेली फिल्म मागावी आणि तळहाताएवढा तुकडा आणून त्यावर चारही रंगांत लिहून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी कोरड्या कापडाने जे पुसले जाते, तीच फिल्म घ्यावी. आरशासारख्या दिसणाऱ्या ॲक्रिलिकच्या जाड शीटचा विचार करू नये. छापील व्हिनाइल आणि फिल्म मिळून जाडी पाव मिलिमीटरच्या आत राहते; ॲक्रिलिक तीन मिलिमीटरचे असले, तर चुंबक आणि पत्रा यांत तेवढी फट पडते, आणि एवढ्याशा फटीने लहान चुंबकाची बहुतेक पकड नाहीशी होते.

फिल्म लावण्याचे काम स्वतः करण्याचा हट्ट मी सोडला. गाड्यांवर नंबर आणि पट्टे लावणारे रेडियमवाले हे काम रोज करतात. भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब घातलेले पाणी फवारून, फिल्म त्यावर तरंगत ठेवून, मधून कडांकडे रबरी पट्टीने पाणी काढत नेणे, एवढीच ती कृती आहे, परंतु ३ बाय २ फुटांवर एक बुडबुडा न ठेवता ती करण्यासाठी हात बसलेला असावा लागतो. फिल्म चारही बाजूंनी सेंटिमीटरभर जास्त ठेवून, दोन दिवस पाणी सुकू देऊन, मगच कडा कापाव्यात.

सोंगट्या

या फळ्यातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग सोंगट्यांचा आहे, आणि त्याचे उत्तर आमच्या घरातील माळ्यावर पडून होते. खो-खोच्या संघात बारा खेळाडू असले तरी डावात नऊ खेळतात. पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ बसलेले आणि एक धावणारा, म्हणजे नऊ. पळणाऱ्या बाजूचे तीन तुकड्यांत नऊ. कॅरमच्या संचात नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि एक राणी असते. सोंगटीचा व्यास सुमारे ३.१ सेंटिमीटर आणि जाडी ७ ते ९ मिलिमीटर असते, म्हणजे बोटांच्या चिमटीत ती सहज उचलता येते. आठ सेंटिमीटरवर मांडलेल्या दोन सोंगट्यांमध्ये जवळजवळ पाच सेंटिमीटर मोकळे राहतात, आणि साखळीची रेघ त्यातून ऐसपैस जाते. काळ्या सोंगट्या बसणाऱ्यांसाठी, पांढऱ्या पळणाऱ्यांसाठी, आणि सध्या उठून पाठलाग करणाऱ्याच्या जागी राणी. नववी काळी हरवल्यास उपयोगी पडते.

शेजारी बसलेल्या दोन गड्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात, आणि पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, तसेच एकदा धरलेली दिशा खांब ओलांडेपर्यंत बदलता येत नाही. त्यामुळे काळ्या सोंगटीला आणि राणीला तोंड असणे आवश्यक आहे, नाहीतर निम्मा डावपेच फळ्यावर दिसतच नाही. त्यांवर पांढऱ्या रंगाने केंद्रापासून कडेपर्यंत बाण काढावा. पांढऱ्या सोंगट्यांना बाण नको, अंक हवेत. अंक मी आधी देवनागरीत काढले होते. आमच्या मुलींपैकी काही गुजराती माध्यमाच्या, काही इंग्रजी माध्यमाच्या, आणि घरी मराठी बोलणाऱ्यांनाही ५ आणि ९ यांवर क्षणभर अडखळावे लागे. म्हणून इंग्रजी अंक काढले. सोंगटी गोल असल्यामुळे फिरते आणि इंग्रजी सहाचा नऊ होतो, तेव्हा त्या दोन अंकांखाली आडवी रेघ द्यावी.

चुंबक निओडिमियमचे, १० मिलिमीटर व्यासाचे आणि ३ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. काळपट तपकिरी फेराइट चुंबक स्वस्त आणि उन्हाला न डगमगणारे असते, परंतु तेवढ्याच आकारात त्याची ताकद निओडिमियमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. कात्रीने कापता येणारी रबरी चुंबकपट्टी या कामाला योग्य नाही. तिच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या अरुंद पट्ट्या एकाआड एक असतात, त्यामुळे ती पत्र्याला टेकलेली असताना बरी धरते, पण फट पडताच लगेच सोडते. फ्रिजवरच्या दोन सपाट जाहिराती पाठीला पाठ लावून एकमेकींवर सरकवल्या की टक-टक असे झटके बोटांना जाणवतात. ते या पट्ट्यांचेच.

सोंगटीला तळातून सपाट तळाचे, ३ मिलिमीटर खोल भोक पाडावे. एका प्लायच्या तुकड्याला सोंगटी घट्ट बसेल एवढे छिद्र पाडून त्यात ती अडकवली की ड्रिल करताना फिरत नाही. खोली कळावी म्हणून बिटाला रंगीत टेप गुंडाळावी. चुंबकाला कधीही ड्रिल लावू नये, ते तडकते आणि त्याचा भुसा पेट घेऊ शकतो. भोक स्पिरिटने पुसून दोन नळ्यांतील मिश्रणाच्या अराल्डाइटने चुंबक बसवावे आणि पूर्ण दिवस हात लावू नये. गोंदाच्या बंदुकीतील गरम गोंद वापरू नये. मे महिन्यात तो मऊ पडतो, आणि एका संध्याकाळी सोंगटी हातात आली व चुंबक फळ्यावरच राहिले.

चुंबके बसवण्यापूर्वी ती सर्व एकावर एक रचावीत आणि वरच्या तोंडाला मार्करचा ठिपका देत एकेक काढत जावे. अशा रीतीने प्रत्येकाचा ठिपका एकाच ध्रुवावर येतो. सर्व सोंगट्यांत ठिपका एकाच दिशेला, समजा वर, ठेवला की फळ्यावर जवळ आणलेल्या दोन सोंगट्या एकमेकींना किंचित दूर लोटतात, आणि तेवढे चालते. ध्रुव उलटसुलट बसले, तर खो देण्यासाठी पाठीमागे आणलेली राणी बसलेल्या गड्यावर टपकन उडी मारते.

आता ज्या दोषाने माझी पंधरा दिवस झोप उडवली, तो सांगतो. सोंगटीचा तळ फिल्मवर घासून खाली आवाज येऊ नये आणि ओरखडा पडू नये म्हणून मी प्रत्येकीच्या तळाला मऊ फेल्ट चिकटवले. पहिल्याच सरावात पुतणीने साखळीची सुंदर रेघ काढली, पांढरी सोंगटी त्या रेघेवरून सरकवत नेली आणि मागे वळून म्हणाली, “काका, तुमच्या सोंगट्यांचे डस्टर झाले बघा.” सोंगटी जिथून गेली तिथली रेघ स्वच्छ पुसली गेली होती. फेल्ट म्हणजे डस्टरचेच कापड, हे मला आधी सुचायला हवे होते.

उपाय असा निघाला. कपाटाची दारे आपटू नयेत म्हणून लावतात ते पारदर्शक रबरी ठिपके, मिळतील त्यांतले सर्वांत पातळ, सोंगटीच्या तळाला कडेलगत समान अंतरावर तीन लावावेत. तीन पाय असल्यामुळे सोंगटी डुगडुगत नाही, तळ शाईपासून दीडएक मिलिमीटर वर राहतो, आणि रबराची पकड फिल्मवर घट्ट असल्यामुळे फट पडूनही सोंगटी घसरत नाही. त्यासाठीच चुंबक तळाच्या पातळीत बसवायचे, आत खोल नाही. तरीही रेघेवरून सोंगटी सरकवू नये, उचलून ठेवावी. तीन पायांपैकी एखादा रेघेवर आला तर बारीक तुटक खूण राहते, पण मार्ग वाचता येतो.

पकड तपासण्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. फळा उभा करून, त्यावर वरून चिमट्याने लावलेले पाच कागद ठेवून सोंगटी टेकवावी. ती न घसरता राहिली पाहिजे आणि फळ्याला पाठीमागून मुठीने ठोका मारल्यावरही पडता कामा नये. याउलट वीस कागदांवरही ती हलत नसेल, तर चुंबक गरजेपेक्षा जोरकस आहे. अशी सोंगटी उचलताना सगळा फळा हातात येतो आणि ठेवताना ती शिक्षिकेच्या इच्छेविरुद्ध खाडकन बसते.

लिहिणे, पुसणे, टांगणे

गोल टोकाचा, दोन ते तीन मिलिमीटर रेघ देणारा मार्कर घ्यावा. पळणाऱ्याचा मार्ग निळ्याने आणि पाठलागाचा काळ्याने काढण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. लाल शाईचा डाग आमच्या फळ्यावर सर्वांत चिवट ठरला, म्हणून ती फक्त गडी बाद झाल्याच्या फुलीपुरती वापरतो. रेघ काढल्यावर दोन-तीन श्वास थांबूनच तिच्याजवळ सोंगटी न्यावी. ओली शाई रबराला लागली की पुढच्या प्रत्येक जागी तिचा ठसा उमटतो. सोंगट्या न हलवता मधली रेघ पुसण्यासाठी रुंद डस्टर निरुपयोगी असतो, बोटाला गुंडाळलेला जुन्या सुती साडीचा तुकडा उत्तम. सराव संपल्यावर लिहिलेले तसेच ठेवून फळा पिशवीत घालू नये. राहिलेली सावली स्पिरिटच्या बोळ्याने निघते. घासणी किंवा भांड्यांची पावडर लावल्यास फिल्मवर बारीक ओरखडे पडतात आणि त्यानंतर शाई त्यांतच बसते. मार्कर आडवे ठेवावेत.

कडांना खिडक्यांच्या कामातील ॲल्युमिनियमचे यू चॅनल कोपऱ्यात ४५ अंशांत कापून लावावे. वरच्या चॅनलमध्ये दोन छिद्रे पाडून नायलॉनच्या दोरीने आणि एस हुकने फळा मैदानाच्या जाळीला टांगता येतो. चकचकीत फिल्मचा खरा शत्रू म्हणजे संध्याकाळचे आभाळ. फळा मागे कलला की त्यात ढग दिसतात आणि रेघ दिसत नाही. म्हणून वरच्या कडेमागे लाकडाचा ठोकळा बसवून तो किंचित पुढे झुकलेला ठेवावा, म्हणजे त्यात आभाळाऐवजी मैदानाची माती प्रतिबिंबित होते. सूर्य फळ्याच्या पाठीमागे किंवा बाजूला येईल, अशीच जागा निवडावी. पत्रा, एसीपी आणि चौकट मिळून पाच किलोंच्या आसपास वजन भरते, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसांतील वाऱ्यात तो जाळीवर आपटतो. खालच्या दोन कोपऱ्यांनाही दोरी असलेली बरी.

वडोदऱ्यात या खेळाच्या मापांना आणि नियमांना जुना मान आहे. बडोद्याच्या जिमखान्याने १९२४ साली खो-खोचे नियम प्रसिद्ध केले होते, आणि दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिराच्या परंपरेमुळे इथल्या अनेक मराठी घरांत हा खेळ एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आला. त्यामुळे मैदानाशेजारून जाणारे एखादे आजोबा थांबून फळ्यावरची मुक्त क्षेत्राची रेघ चुकीची असल्याचे सांगतात, असे आमच्याकडे दोनदा घडले. त्यांच्या काळचे मैदान २९ मीटरांचे होते; छाप व्हिनाइलवर असल्यामुळे मापे पुढे बदलली तरी फक्त तो थर काढून नवा लावावा लागेल.

निओडिमियम चुंबकांच्या बाबतीत एक काळजी सक्तीने घ्यावी. लहान मुलाने दोन सुटी चुंबके गिळली, तर ती पोटात आतड्याच्या दोन वळ्या मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते; असे घडल्याची शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालयात जावे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने सोंगट्यांचा डबा छातीशी धरू नये. फळा आणि सोंगट्या बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत. साधारण प्रतीचे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची ताकद गमावू लागते, आणि अराल्डाइटही त्याआधीच मऊ पडू लागते. सोंगट्या ठेवण्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा घ्यावा, त्यात त्या खुळखुळत नाहीत. झाकणाच्या आतील बाजूस आम्ही १९ असा आकडा रंगवला आहे, आणि डबा बंद करण्यापूर्वी सोंगट्या मोजण्याचे काम दर आठवड्याला एका मुलीकडे असते.